एबीएस ब्रेक कसा मारायचा: घाटात, पावसात आणि ऊस हंगामातल्या रस्त्यांवर

जोरात ब्रेक मारल्यावर पेडलखाली थरथर सुरू होते, बोनेटच्या बाजूने खरखर असा आवाज येतो आणि नेमक्या त्याच क्षणी अनेकांचा पाय उचलला जातो. गाडीत काहीतरी तुटलं असं वाटतं. तुटलेलं काहीच नसतं, एबीएस (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आपलं काम करत असतो. पाय उचलला की ते काम तिथेच थांबतं आणि समोरची म्हैस किंवा उसाची ट्रॉली मात्र होती तिथेच असते.

एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या कारना एबीएस सक्तीचा आहे. त्यामुळे सातारा-कराडच्या दारादारांत उभ्या असलेल्या गेल्या काही वर्षांतल्या गाड्यांत तो आहेच. तो वापरायचा कसा, हे शिकताना सहसा कुणी सांगत नाही, कारण शिकाऊ गाडी कधी तेवढ्या वेगाने पळतच नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. ज्यांनी जुन्या जीपवर किंवा वडापच्या (खासगी प्रवासी वाहतुकीच्या) गाडीवर हात बसवला, त्यांच्या पायाला ‘दाबा-सोडा, दाबा-सोडा’ ही सवय आहे. त्या गाडीसाठी ती सवय बरोबर होती आणि तिने अनेकांना वाचवलंही आहे. एबीएसच्या गाडीत मात्र तीच सवय थांबायचं अंतर वाढवते. पायाची ही जुनी सवय मोडायची असेल तर आधी चाकाखाली काय चालतं ते कळायला हवं.

चाक जाम झालं की काय होतं

भरलेली लोखंडी पेटी फरशीवरून ढकलून पाहा. जागची हलवायला जास्त जोर लागतो, एकदा सरकू लागली की कमी जोरात सरकत राहते. टायरचंही तसंच आहे. फिरणाऱ्या टायरचा जो भाग त्या क्षणी डांबराला टेकलेला असतो तो जवळजवळ स्थिर असतो, म्हणून त्याची पकड पक्की असते. चाक जाम होऊन टायर फरफटू लागला की पकड कमी होते. ओल्या रस्त्यावर तर ती फारच घसरते.

पकड कमी होणं हा अर्धा तोटा. दुसरा तोटा अधिक जीवघेणा आहे. फरफटणाऱ्या टायरला दिशा नसते. पुढची चाकं जाम असताना स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवलं तरी गाडी सरळच जाते, कारण घर्षणाचा जोर फक्त घसरण्याच्या उलट दिशेला लागतो. मागची चाकं आधी जाम झाली तर गाडीचा मागचा भाग पुढे येऊ पाहतो आणि गाडी गर्रकन फिरते.

सर्वांत चांगली पकड मिळते ती चाक गाडीच्या वेगापेक्षा थोडं हळू, साधारण दहा ते वीस टक्के कमी वेगाने फिरत असताना. माणसाच्या पायाला इतकी बारीक नोंद ठेवता येत नाही, तीही चारही चाकांसाठी वेगवेगळी. एबीएस नेमकं हेच करतो.

आत काय घडतं

प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो. चाकाबरोबर फिरणारी दातेरी रिंग किंवा बेअरिंगमध्येच बसवलेली चुंबकी पट्टी वाचून तो चाकाचा वेग कंट्रोल युनिटला सतत कळवत राहतो. ब्रेक मारल्यावर एखाद्या चाकाचा वेग, गाडी जितक्या झपाट्याने मंदावू शकते त्यापेक्षाही जास्त झपाट्याने पडू लागला, तर हे चाक आता जाम होणार हे युनिटला कळतं.

मग हायड्रॉलिक ब्लॉकमधले व्हॉल्व्ह चालू होतात. आधी त्या चाकाकडे जाणारा ब्रेक ऑइलचा मार्ग बंद होतो, म्हणजे तुम्ही पेडल कितीही दाबलं तरी त्या चाकावरचा दाब वाढत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर दुसरा व्हॉल्व्ह उघडून थोडा दाब सोडला जातो. चाक पुन्हा वेग घेतं, की लगेच दाब परत दिला जातो. सोडलेलं ऑइल एक छोटा पंप पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरकडे परत ढकलतो. पायाला जाणवणारी थरथर आणि कानाला ऐकू येणारी खरखर ती याचीच. हे चक्र सेकंदाला अनेकदा फिरतं आणि प्रत्येक चाकाची गरज स्वतंत्रपणे पाहिली जाते.

ही कल्पना कारच्या आधी विमानांच्या चाकांसाठी वापरात आली. आजच्यासारखा इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजने बॉशच्या साथीने १९७८ मध्ये एस-क्लास गाडीत आणला. गाडीच्या माहितीत एबीएसच्या शेजारी ईबीडी असं लिहिलेलं असतं, ते पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ब्रेकचा जोर वाटून देतं. गाडीत एकटा माणूस आहे की मागे तिघं आणि डिकीत तांदळाची पोती, त्यावर ही वाटणी बदलते.

अंतर कमी होतं का?

‘एबीएस आहे, गाडी जागेवर थांबते’ हे वाक्य मला धोक्याचं वाटतं. रस्ता जेवढी पकड देतो त्याहून जास्त एबीएस आणू शकत नाही. आकडे मांडून पाहू. धोका दिसल्यापासून पाय पेडलवर पडेपर्यंत एक सेकंद धरला, कोरड्या चांगल्या डांबरासाठी घर्षणाचा आकडा ०.७ आणि ओल्यासाठी ०.४ धरला, तर ताशी ६० किलोमीटरवरून थांबायला कोरड्यात साधारण ३७ मीटर लागतात, ओल्यात ५२. ताशी ८० ला हेच आकडे ५८ आणि ८५ होतात. ताशी १०० ला ८४ आणि १२६. वेग ६० वरून ८० केला, म्हणजे फक्त वीसने वाढवला, तर ओल्या रस्त्यावर ३३ मीटर जास्त लागतात.

आता हंगामातली रात्र डोळ्यांसमोर आणा. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर धुळीने आणि पाचटाने झाकलेला. समोरून वाहन येतंय म्हणून तुम्ही डिपरवर, म्हणजे खाली झुकवलेल्या दिव्यावर, आहात आणि डिपरचा उपयोगी उजेड साधारण ५० मीटरच्या आसपास पडतो. ताशी ८० ला कोरड्या रस्त्यावरही ५८ मीटर लागतात. ट्रॉली दिसेल तेव्हा थांबण्याएवढी जागा उरलेलीच नसते. अशा वेळी एबीएसचा उपयोग एकच: ब्रेक पूर्ण दाबलेला असतानाही गाडी वळते. ट्रॉलीच्या बाजूने निघून जाता येतं, बाजूला जागा मोकळी असेल तर. म्हणून नोव्हेंबर ते मार्च या काळात कारखान्याच्या वाटेवर डिपरवर ताशी ५० च्या वर जाऊ नका असं मी कळकळीने सांगेन.

आधी बसणं नीट करा

पूर्ण जोराने ब्रेक लागायचा असेल तर पाठ सीटला टेकलेली हवी आणि पेडल तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. गाडी उभी असताना, इंजिन चालू ठेवून, पेडल जितक्या जोराने दाबता येईल तितकं दाबून पाहा. पाय पूर्ण ताठ होत असेल किंवा पाठ सीटवरून सुटत असेल तर सीट पुढे घ्या. टाच जमिनीला टेकलेली असावी.

पेडलखालची जागा मोकळी असली पाहिजे. सीटखालून घरंगळत आलेली पाण्याची बाटली पेडलमागे अडकली तर एबीएस असून नसल्यासारखाच. मूळ मॅटवर अंथरलेली दुसरी सुटी मॅटही काढून टाका. सैल चप्पल घालून घाटात गाडी चालवू नका, ओल्या तळव्याची चप्पल पेडलवरून निसटते.

ब्रेक मारायची रीत

धोका दिसला की ब्रेक एकदम आणि पूर्ण जोराने दाबा. हळूहळू वाढवत नेऊ नका. गिअरची गाडी असेल तर क्लचही त्याच वेळी पूर्ण दाबा, म्हणजे इंजिन बंद पडणार नाही. इंजिन बंद पडलं तर ब्रेकला मदत करणारा बूस्टर दोन-तीन दाबण्यांत रिकामा होतो आणि पेडल दगडासारखं कडक लागतं.

बहुतेकांचा ब्रेक कमी पडतो तो इथेच. जोर लावला असं वाटतं, पण पेडल अर्ध्यावरच असतं. थरथर जाणवली नाही तर अजून दाबायला वाव आहे असं समजा. जाणवली तर रस्ता देऊ शकतो तेवढं सगळं तुम्हाला मिळतंय. आता पाय तसाच दाबून ठेवायचा. गाडी थांबेपर्यंत किंवा धोका पूर्ण टळेपर्यंत उचलायचा नाही.

पाय दाबलेला असतानाच नजर मोकळ्या जागेकडे न्या. माणूस जिकडे बघतो तिकडे त्याचे हात वळतात. ट्रॉलीकडे टक लावून पाहिलं तर गाडी ट्रॉलीकडेच जाते. स्टेअरिंग लागेल तेवढंच फिरवा आणि अडथळा पार झाला की लगेच सरळ करा. एबीएसमध्ये चाकं खरोखर वळतात, म्हणून घाबरून पूर्ण फिरवलेलं स्टेअरिंग गाडीला थेट समोरच्या लेनमध्ये किंवा शेतात नेऊ शकतं. पुणे-सातारा महामार्गावरच्या वेगाला तर अगदी थोडं फिरवणंही पुरतं.

थांबल्यावर पहिलं काम आरसा पाहण्याचं. तुम्ही थांबलात, पण मागचा थांबेलच असं नाही. चारही इंडिकेटर लावा आणि गाडी कडेला घ्या.

सराव करा, एकदा तरी

वाचून हे पायात उतरत नाही. थरथर पहिल्यांदा खऱ्या संकटात अनुभवली तर पाय उचलला जाणारच. गाळप हंगाम संपल्यावर कारखान्यांची ऊस वाहनांची यार्डं मोकळी पडतात. परवानगी घेऊन अशा जागेत किंवा कुणाच्या मोठ्या खासगी आवारात सराव करता येतो. सार्वजनिक रस्त्यावर करू नका.

गाडीतलं सुटं सामान बाहेर काढा, सगळ्यांनी बेल्ट लावावा, शेजारी अनुभवी माणूस बसवावा. जमीन ओली असेल तर उत्तम, कारण कमी वेगातही एबीएस लागतो. ताशी ३० ला गाडी न्या, ब्रेक आणि क्लच दोन्ही एकदम पूर्ण दाबा आणि थांबेपर्यंत धरून ठेवा. थरथर ओळखीची झाली की ताशी ४० ला करा. त्यानंतर एक रिकामा खोका वाटेत ठेवा आणि ब्रेक दाबलेला ठेवूनच त्याच्या बाजूने गाडी काढा. पाय ढिला न करता गाडी वळते हे एकदा स्वतःच्या हातांना कळलं, की पुढे डोकं वापरावं लागत नाही. घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने हे करावं. ‘मला तीस वर्षं सवय आहे’ म्हणणाऱ्या आबांना तर सर्वांत आधी बसवा, कारण जुनी सवय त्यांचीच पक्की असते.

साइडपट्टी, खडी आणि चिखल

गावाकडच्या अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली की आपली डावी चाकं साइडपट्टीवर उतरतात. डावीकडे मुरूम किंवा गवत, उजवीकडे डांबर. अशा वेळी जोरात ब्रेक मारला तर डांबरावरची चाकं जास्त थांबवतात आणि गाडी उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनाकडे, ओढ घेते. एबीएस नसलेली गाडी इथे फिरून आडवी होते. एबीएसची गाडी बरीच सरळ राहते, तरी स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून डावीकडे हलका दाब ठेवावा लागतो.

सुट्या खडीवर, मुरमावर किंवा जाड चिखलावर मात्र एबीएसची गाडी थांबायला उलट जास्त अंतर घेऊ शकते. जाम झालेलं चाक समोर खडीचा ढीग गोळा करतं आणि तो ढीगच गाडी अडवतो. एबीएस चाक फिरतं ठेवतो, म्हणून तसा ढीग होत नाही. तरीही पाय दाबूनच ठेवायचा, कारण स्टेअरिंग हातात राहणं जास्त मोलाचं. महामार्गाच्या कामामुळे लागणारी डायव्हर्जनं आणि शेतातून ट्रॅक्टर रस्त्यावर येतात तिथला चिखल, या दोन ठिकाणी वेग आधीच उतरवा. पहिल्या वळवाच्या पावसात हाच चिखल डांबरावर निसरडा थर धरतो.

फरशी पुलावरच्या पाण्यातून गाडी काढली तर बाहेर आल्यावर थोडं अंतर ब्रेक हलका दाबून चालवा. चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची डिस्क आणि तिला आवळणारे पॅड सुकतात.

घाटात एबीएसवर विसंबू नका

पसरणी, यवतेश्वर, केळघर, आंबेनळी, कुंभार्ली. आपल्या जिल्ह्यातून कुठेही निघालं तरी घाट चुकत नाही आणि घाटात ब्रेक जातात ते बहुधा चाक जाम झाल्यामुळे नव्हे, तर तापल्यामुळे. तापलेल्या ब्रेकवर एबीएसकडे काहीच उपाय नाही. पॅडच पकडत नसतील तर एबीएस सांभाळणार काय?

ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. पसरणी उतरताना बहुतेक कारना दुसरा, सरळ पट्ट्यात तिसरा पुरतो. ऑटोमॅटिक गाडीत डी वर सोडून देऊ नका, एल किंवा मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धरा. वेग इंजिनाला धरू द्या आणि ब्रेक वळणाआधी ठामपणे थोडा वेळ मारून पूर्ण सोडा. पेडलवर सतत पाय ठेवून उतरल्याने डिस्कला गार व्हायला वेळच मिळत नाही.

उतारावर न्यूट्रल करून इंधन वाचतं हा समज अजून टिकून आहे. आजची इंजिनं गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन जवळजवळ पूर्ण तोडतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला त्यांना इंधन पुरवावंच लागतं. म्हणजे न्यूट्रल केल्याने इंधनही जातं आणि इंजिनाचा ब्रेकही जातो.

वळणात ब्रेक मारायची वेळ आणू नका. टायरची पकड एकच असते, ती वळण्याला आणि थांबण्याला वाटून जाते. साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीचा जुना बोगदा संपल्यावर उतारावर जे एस आकाराचं वळण लागतं, तिथे वेग आधी न उतरवता आत शिरलेल्या गाडीला एबीएस वाचवेलच असं नाही.

घाटात जळका वास येऊ लागला किंवा पेडल कडक असून ब्रेक लागेनासा झाला, तर खालच्या गिअरमध्ये या आणि सुरक्षित जागा दिसताच थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वेडीवाकडी होऊ शकते किंवा तडकू शकते. ब्रेक ऑइल उकळून त्यात बुडबुडे झाले तर पेडल मऊ होऊन तळाला जातं. वर सांगितलेल्या नियमाला अपवाद तो इथे: पेडल तळाला जात असेल तर भराभर दाबा-सोडा करा, दाब थोडा परत मिळू शकतो. सोबत एकेक गिअर खाली उतरवा, हँडब्रेकचं बटण दाबलेलं ठेवून तो हळूहळू ओढा आणि गाडी दरीकडे न जाता डोंगराच्या अंगाला घ्या.

मोटारसायकलबद्दल थोडं. १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस आहे, पण अनेकींना तो फक्त पुढच्या चाकाला असतो. मागचं चाक जाम होऊ शकतं. गाडी वळणात झुकलेली असताना साधा एबीएस तोल सांभाळत नाही, म्हणून ब्रेक गाडी सरळ असतानाच मारावा.

देखभाल आणि पिवळा दिवा

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि ओल वाढली की लवकर उकळतं. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओल धरल्यावर तो १५५ पर्यंत येऊ शकतो. दर दोन वर्षांनी ते बदलून घ्या, महाबळेश्वर-पाटणकडे गाडी राहत असेल तर अजिबात टाळू नका. ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकाराचंच ऑइल भरा. सिलिकॉनचं डॉट ५ एबीएसच्या गाडीत घालू नये.

टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्याने बाद आहे, पण आपल्या पावसाला त्याच्या बऱ्याच आधी बदललेला बरा. चारही टायर कंपनीने दिलेल्याच मापाचे ठेवा. एक चाक लहान-मोठं असलं तर सेन्सरला त्याचा वेग वेगळा दिसतो.

चावी फिरवल्यावर पिवळा एबीएस दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. जुनी गाडी घेताना हे आवर्जून पाहा. दिवा लागतच नसेल तर बिघाड लपवायला कुणीतरी तो काढलेला असू शकतो. २०१९ च्या आधीच्या गाड्यांत एकाच मॉडेलच्या काही प्रकारांना एबीएस होता, काहींना नव्हता, त्यामुळे विकणाऱ्याच्या शब्दावर न राहता बोनेट उघडा आणि बरेच ब्रेक पाइप जोडलेला ॲल्युमिनियमचा ब्लॉक आहे का ते बघा.

चालवताना फक्त पिवळा दिवा लागून राहिला तर साधा ब्रेक चालू आहे, एबीएस बंद आहे. गाडी चालवता येते, पण जोरात ब्रेक मारल्यास चाकं जाम होतील हे लक्षात ठेवून. कारण बहुतेकदा किरकोळ निघतं: सेन्सरवर साचलेला चिखल, तुटलेली दातेरी रिंग, उलटं बसवलेलं बेअरिंग, नाहीतर गोठ्याशेजारी उभ्या केलेल्या गाडीची उंदराने कुरतडलेली वायर. स्कॅनर असलेल्या मिस्त्रीकडे कोणत्या चाकाचा दोष आहे ते लगेच कळतं. पूर्ण युनिट बदलायला सांगितलं तर आधी सेन्सर आणि वायर तपासायला लावा.

पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर हँडब्रेक ओढलेला राहिला आहे का ते आधी पाहा. तो सोडूनही लाल दिवा विझत नसेल तर ऑइल कमी झालेलं असू शकतं किंवा ईबीडीही बंद पडलेलं असू शकतं, आणि मग मागची चाकं आधी जाम होण्याचा धोका आहे. तशी गाडी घाटात घालू नका, गॅरेजपर्यंत ओढून न्या.